मधल्या खुर्चीवर सर

...आणि वर माझ्याच वर्गातले मलाच विचारतात, 'सर, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?' आता काय सांगणार? माणूस शिकवायला जातो तेव्हा त्याला भीती एकच असते हो, की समोरचे प्रश्न विचारतील. आणि यांनी नेमकं तेच केलं! नाही, तुम्हाला सांगतो, चूक त्यांची नाही, तिथली पद्धतच तशी आहे. पटकथा शिकवायची, पण पटकथेला हात लावायचा नाही. हात लावायचा तो लिहिणाऱ्याच्या मनाला. 'सर्जनाच्या मानसशास्त्रातून पटकथालेखन', असं नाव आहे कोर्सचं. दारावर पाटी आहे, पण एवढं नाव एका ओळीत मावतंय कुठे, 'लेखन' एकटंच खालच्या ओळीत आलंय. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, बघा, लेखनाला खाली बसवलंय. कोणी हसलं नाही. आतून एक बाई आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, 'सर, तुम्ही अस्वस्थ झालात की विनोद करता का?'

या मॅडम. मानसशास्त्राच्या. संस्था त्यांची, कोर्स त्यांचा, मी आपला पटकथेपुरता. बोलतात इतक्या हळू की ऐकायला माणसाला पुढे झुकावं लागतं, आणि एकदा झुकला की झालं, निम्मं मान्य केल्यासारखंच होतं. त्या म्हणाल्या, 'सीन कधीच अडत नसतो, लिहिणारा अडतो.' मी पुढे झुकलेलोच होतो. मान हलली.

आता मी कुठून आलेला माणूस? रोजच्या मालिकांमधून! सकाळी लिहायचं, संध्याकाळी दाखवायचं. तिथे सुचणं-बिचणं हा प्रकारच नव्हता. सेटवरून फोन यायचा, 'सूनबाईंना ताप आलाय, आज येत नाहीत', की आम्ही दुपारपर्यंत सूनबाईंना पळवून न्यायचो. बऱ्या झाल्या की सोडवून आणायचो. सासऱ्याचं काम करणाऱ्याने दुसरीकडे काम धरलं? पाडा जिन्यावरून! तिकडे जमलं नाही म्हणून परत आला? उठवा बेशुद्धीतून! वीस वर्षं हेच केलं. त्या सासऱ्याच्या मनात काय चाललंय हे मला कोणी विचारलं नाही, सासऱ्यालाही विचारलं नाही. अडचण असायची ती सेटवर असायची, तिला ताप असायचा, ती खोकायची. दिसायची तरी!

मग तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर गेलात कशाला तिथे? अहो, माझा एक सीन अडला होता. खरं सांगतो, मला फक्त एक सीन लिहायचा होता, बाकी जगाकडून काही नको होतं.

झालं असं, की खूप वर्षांनी मला सिनेमा मिळाला. माझा स्वतःचा, माझ्या गोष्टीचा. आधी एक केला होता तरुणपणी, तो आला आणि गेला, येताना आणि जाताना त्याला फारसं कोणी पाहिलं नाही. त्यानंतर हा. निर्माता चांगला, नट ठरलेले, सगळी पटकथा लिहून तयार, मधे एक सीन सोडून. सीन काय? दोन भाऊ. काहीतरी बिनसून वर्षानुवर्षं बोलणं बंद. धाकटा थोरल्याच्या दारात येतो, बेल वाजवतो, थोरला दार उघडतो, आणि म्हणतो... काय म्हणतो? एवढंच हो! एक वाक्य! मी 'दार उघडतं' इथपर्यंत लिहायचो आणि थांबायचो. एकदा 'ये' म्हणाला. मला पटेना, इतकी वर्षं भांडून नुसतं 'ये'? मग एकदा थोरल्याला रडवलं. मग धाकट्याला. मग दोघांना एकदम रडवलं, तेव्हा बायकोने वाचून विचारलं, 'कोणी गेलं का?' एकदा तर वैतागून दार उघडलंच नाही. निर्मात्याने सांगितलं, नटांच्या तारखा जवळ आल्यात, महिनाअखेर सीन आला नाही तर दुसऱ्याकडून लिहून घेतो. दुसऱ्याकडून! माझ्या सिनेमातलं माझं दार दुसरा उघडणार!

तेव्हा बायको म्हणाली, 'घरात बसून कागद चुरगाळण्यापेक्षा त्या संस्थेने तुला शिकवायला बोलावलंय, ती शिकवणी घे. चार लोकांशी बोललास तर सुचेल.' म्हणून गेलो.

तर तिथे मॅडमनी पहिल्यांदा काय शिकवलं, मन आधी गोळा करतं, मग मुरवतं, मग ध्यानीमनी नसताना एकदम सुचतं. म्हणून सीन अडला की त्याच्या उरावर बसायचं नाही, उठायचं आणि हाताने करायचं एखादं कंटाळवाणं काम करायचं. भांडी घासा, कपडे वाळत घाला, कपाट आवरा. सगळ्यांनी मनापासून केलं. वर्गात एकाचाही सीन सुटला नाही, पण एका मुलाच्या आईचा फोन आला, हा कोर्स वर्षभराचा करता येईल का? मीही घरी भांडी घासली. बायकोने सीनची चौकशी करणं बंद केलं, म्हणाली, मुरू दे अजून.

आणि मग ती खुर्ची. वर्गाच्या मध्यभागी एक खुर्ची ठेवायची, ज्याचा सीन अडलाय त्याने तिच्यावर बसायचं, सीन सांगायचा, आणि बाकीच्यांनी गोल बसून प्रश्न विचारायचे. सूचना द्यायच्या नाहीत हं! 'इथे पाऊस टाका', 'तिला गाडीखाली घाला', असलं काही नाही. फक्त प्रश्न, आणि तेही सीनबद्दल नाही, माणसाबद्दल. दर वेळी कोणी ना कोणी बसायचं. एकदा आमच्यातले एक विमा कंपनीतले गृहस्थ बसले, त्यांना आम्ही 'पण सर' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण सर' ने सुरू होतं. त्यांच्या सीनमध्ये नायक साहेबाला थोबाडीत मारणार होता आणि त्याचा हात काही केल्या उठत नव्हता. चारच प्रश्नांत पण-सर रडायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन साहेबाशी भांडले. सीन अजून लिहिलेला नाही, पण बदली झाली.

असं सगळं छान चाललं असताना एके दिवशी कोणाचाच सीन अडेना! सगळे आपले भराभरा लिहितायत. खुर्ची मधे रिकामी. आणि मॅडम हळूच म्हणतात... मी झुकलो, नको झुकायला होतं... म्हणतात, 'सर, आज तुम्ही बसता का?'

आता नाही म्हणावं तर 'भीती वाटते' असं होणार, हो म्हणावं तर बसावं लागणार. बसलो. म्हटलं, बघा, माझा प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे, एका वाक्याचा आहे, आणि सीन सांगितला. दोन भाऊ, अबोला, दार. आमच्यात एक दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

'सर, तुम्हाला भाऊ आहे?'

मी म्हटलं, हा प्रश्न पटकथेचा नाही. मॅडमनी मागे काहीतरी टिपून घेतलं. डॉक्टर काही सोडेनात. दातांच्या डॉक्टरांची सवय असते बघा, एकेका दातावर टकटक करत जातात, इथे दुखतं का, इथे, आणि इथे? थोरला की धाकटा? थोरला. काय करतात? गणिताचे मास्तर होते, निवृत्त झाले. शेवटचं काय बोललात? मी चष्मा पुसायला लागलो. 'पण सर,' पण-सर म्हणाले, 'तुम्ही आठवताय की टाळताय?' हे यांना कोणी शिकवलं? मीच! म्हणजे मॅडमनी शिकवलं, पण वर्ग माझा!

सांगितलं मग. लपवण्यासारखं काही नव्हतंच. तो माझा पहिला सिनेमा लागला तेव्हा दादाला आग्रहाने बोलावलं होतं, पहिल्या खेळाला, माझ्या शेजारच्या खुर्चीत. मध्यंतरात उठला, बाहेर गेला, तो परत आलाच नाही. पुढचा सगळा सिनेमा मी रिकाम्या खुर्चीशेजारी बसून पाहिला. वाटलं, फोन करेल. नाही केला. मी म्हटलं, मी तरी का करू? इतकी वर्षं गेली. गंमत बघा, आमच्या बायकांचं मस्त चाललेलं, जावाजावा रोज फोनवर तासतासभर बोलणार, अबोला काय तो सख्ख्या भावांचा! जगात उलटं असतं हो.

मी म्हटलं, पण या सगळ्याचा त्या सीनशी काही संबंध नाही. इतका वेळ कोणीच काही बोललं नाही की शेवटी मलाच ऐकू आलं मी काय म्हणालो ते. मॅडम म्हणाल्या, 'सर, तुमचा गृहपाठ. एकदा त्या दाराशी जाऊन या. लिहायचं काही नाही, नुसतं जाऊन यायचं.'

घरी सांगितलं तर बायको पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली, 'मी इतकी वर्षं सांगत होते तेव्हा गेला नाहीस. बाईंनी गृहपाठ दिला तर निघालास.' मी म्हटलं, मी सीनसाठी जातोय. अभ्यास म्हणून. मला फक्त एक सीन लिहायचाय. म्हणाली, 'हो हो, सीनसाठीच जा. सीनला माझा नमस्कार सांग.'

गेलो. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या बाजूला. आता वर जाऊन म्हणायचं काय, हे नको का ठरवायला? मी खाली रस्त्यावर फेऱ्या मारत होतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, ओठ हलवत. 'दादा, इकडे आलो होतो, म्हटलं डोकावावं.' खोटं वाटतं. 'दादा, एक विचारायचं होतं.' हे तर पोलीस आल्यासारखं! इस्त्रीवाला माझ्याकडे बघायला लागला तेव्हा चढलो. बेल दाबली. छातीत धडधड, म्हणजे अगदी मालिकेत वाजवतो तशी. दार उघडलं. दादा. केस सगळे पांढरे, हातात फरशी पुसायचं फडकं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं, आणि म्हणाला,

'बूट बाहेर काढ. आत्ताच पुसलंय.'

बस्स! इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मी खाली बसून नाड्या सोडायला लागलो, एकीची गाठ बसली होती, सुटेना, तो वर उभा. म्हणाला, 'लहानपणापासून तुझी गाठ अशीच बसते.' मी म्हटलं, हो. आत गेलो. वहिनी बाहेर आल्या, मला बघून पदर-बिदर डोळ्यांना लावला नाही, सरळ चहा टाकला. साखर किती विचारलं, मी म्हटलं, नको, मला शुगर निघालीये. दादा म्हणाला, 'मलाही.' आणि आम्ही दोघं बिनसाखरेचा चहा पीत बसलो, आकडे सांगत, तुझी जेवणाआधीची किती, माझी इतकी. कसं कोण जाणे, मी विचारून टाकलं, त्या दिवशी उठून का गेलास? मी मनात काय काय रचलं होतं! मत्सर असेल, त्या सिनेमातल्या बापात त्याला आमचे वडील दिसले असतील, सहन झालं नसेल. वर्गात शिकवतो ना आम्ही, प्रत्येक पात्राच्या वागण्यामागे एक खोल कारण असतं. दादा म्हणाला, 'कंटाळा आला होता.'

कंटाळा! 'मग सांगायचं नाही का?' म्हटलं. तर म्हणे, 'तू विचारशील तेव्हा सांगणार होतो. तू विचारलंच नाहीस.' वहिनी आतून म्हणाल्या, 'भाऊजी, तुमच्या सगळ्या मालिका बघतात हं हे. रोज. बघतात आणि चुका काढतात.' दादा म्हणाला, 'त्या सासऱ्याचा डावा पाय मोडला होता, बेशुद्धीतून उठला तो उजव्याने लंगडत.' तुम्हाला सांगतो, एवढं आमच्या दिग्दर्शकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी घरी आलो आणि सीन लिहिला. जसाच्या तसा. दार उघडतं, 'बूट बाहेर काढ, आत्ताच पुसलंय', गाठ, बिनसाखरेचा चहा. निर्माता म्हणाला, यात रडणं कुठाय? पण थोरल्याचं काम करणारे नट म्हणाले, वाक्यं कमी आहेत, मला चालेल. झालं चित्रीकरण. मला फक्त एक सीन लिहायचा होता, तो लिहून झाला, इथे ही गोष्ट संपायला हवी होती की नाही? मी वर्गात असंच शिकवतो. काम झालं की पात्राने निघावं.

पण दादाचा फोन आला. म्हणाला, 'ती शिकवणी कुठली म्हणालास? मी येऊ का? निवृत्तीनंतर सगळा कंटाळाच आहे.' मी काय नाही म्हणणार? इतक्या वर्षांनी भाऊ फोन करून काहीतरी मागतोय. आला. पहिल्या बाकावर बसला. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, फळा आडवा पुसू नये, उभा पुसावा. दुसरं सांगितलं, की गुण द्या. मॅडम म्हणाल्या, आम्ही गुण देत नाही, गुण दिले की मन मिटतं. दादा म्हणाला, 'चाळीस वर्षं मुलांना दिले, कोणाचं मिटलं नाही. गुण नाहीत तर आपण कुठे आहोत हे कळणार कसं?' मॅडम इतक्या हळू बोलतात की दादाला ऐकूच येत नाही, आणि तो झुकणाऱ्यातला नाही. शेवटी ठरलं, फक्त त्याला गुण. दहापैकी.

मग एक दिवस त्याची पाळी आली मधल्या खुर्चीची. म्हणाला, मी लिहून आणलेलं नाही, सांगतो. हात मांडीवर ठेवून, अगदी गणित समजावून सांगावं तसा, सांगायला लागला. एक म्हातारा मास्तर आहे. तो खिडकीत उभा आहे. खाली रस्त्यावर त्याला त्याचा धाकटा भाऊ दिसतो. धाकटा इकडून तिकडे फेऱ्या मारतोय, स्वतःशी बोलतोय, वर काही येत नाही. मास्तरला कळतं, की हा आज येणार. आणि मास्तरला घाम फुटतो, कारण हा आला की काय बोलायचं हे त्याला सुचत नाही. तो आठवून बघतो, जुळवून बघतो, काही बसत नाही. जिन्यात पावलं वाजतात. फरशी बायकोने सकाळीच पुसलेली असते, कोरडी खडखडीत. तर मास्तर धावत जाऊन बादली आणतो आणि दाराजवळची फरशी पुन्हा पुसायला लागतो.

'का हो?' डॉक्टरांनी विचारलं.

'फरशी ओली असली की माणसाला बोलायला काहीतरी मिळतं,' दादा म्हणाला.

पण-सर 'पण' सुद्धा म्हणाले नाहीत. आणि मी, मी तर पार गेलो. अहो, तो माझा सीन होता! मी तो दाराच्या बाहेरून लिहिला, बेल दाबणाऱ्याच्या बाजूने. आत कोणी घाबरून फरशी पुसत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझा तर चित्रीत होऊनही गेला. आणि खरं सांगू, त्या क्षणी सीन-बिन गेला खड्ड्यात, मला उठून त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. माझा भाऊ माझ्यासाठी कोरडी फरशी पुसत होता!

पण दादा माझ्याकडे बघत होता. 'गुण?' म्हणाला.

सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. आता दहाच्या दहा द्यायचे होते हो मला. अकरा दिले असते. पण सख्खा भाऊ! वर्गाला ठाऊक आहे सख्खा भाऊ आहे. दहा दिले तर काय म्हणतील, सरांचा वशिला. नऊ दिले तरी तेच. माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीला नावं ठेवतो ती ऐन वेळी अशी आडवी येते. मी तोंड उघडलं आणि निघून गेलं, 'सात.'

'तीन कुठे कापलेस?'

आता काहीतरी सांगायलाच हवं. मी म्हटलं, सुरुवात जरा लांबली. खिडकीत तो फार वेळ उभा राहतो.

'तू खाली फार वेळ फिरत होतास,' दादा म्हणाला, उठला, आणि जाऊन आपल्या बाकावर बसला. मॅडम काहीतरी म्हणाल्या, पण त्या दिवशी मीही झुकलो नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. हो, पुन्हा! मला फक्त एक सीन लिहायचा होता आणि त्यापायी मी अबोला सोडवला काय, नवा पदरात पाडून घेतला काय. मात्र वर्ग चुकवत नाही हं तो. सगळ्यांच्या आधी येतो, फळा उभा पुसून ठेवतो, पहिल्या बाकावर बसतो, गृहपाठ वेळेवर देतो. फक्त बोलत नाही. बायको म्हणते, याला अबोला म्हणत नाहीत, याला दोघं भाऊ म्हणतात. पुढच्या गृहपाठाला मी मन मोठं करून नऊ दिले. म्हटलं, होऊ दे वशिला! तर संध्याकाळी वहिनींचा फोन. 'भाऊजी, हे म्हणतायत, त्याला म्हणावं दया नको.'

आता या आठवड्याचा गृहपाठ समोर आहे माझ्या. चांगला लिहिलाय हो, मनापासून सांगतो, माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. सात दिले तर बोलणार नाही, नऊ दिले तर बोलणार नाही. सकाळपासून भांडी घासून झाली, कपाट आवरून झालं, काही सुचत नाही. तुम्ही बाहेरची माणसं, तुमचं कोणाशी नातं ना गोतं, तुम्हीच सांगा... साडेआठ ठीक राहतील?